बीडच्या पंपावरची पंधरा मिनिटं

१

मांजरसुंब्याच्या चौकात मेटॅडोर थांबली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. बाकीचे चहाला उतरले. सत्यभामा सिस्टर मात्र वळसा घालून गाडीच्या मागच्या दाराशी गेली. दगडामायला रक्तदाबाची गोळी द्यायची होती.

मागच्या सीटवर म्हातारी पाय पोटाशी घेऊन, डोक्यावरून गोधडी ओढून निजली होती. सिस्टरनं तिच्या पावलावर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. पाऊल नव्हतंच. गोधडीखाली काहीतरी खरखरीत होतं.

तिनं गोधडी ओढली. आत बारदानाचं पोतं होतं. तोंड सुतळीनं आवळलेलं, मधोमध दाबून वाकवलेलं. वरून पाहणाऱ्याला गुडघे दुमडून निजलेलं माणूसच वाटावं.

"गुरुजी! पंडित! इकडं या!"

हातातले चहाचे ग्लास तसेच घेऊन सगळे धावले. पंडितनं पोतं पाहिलं आणि ग्लास जमिनीवर आपटला.

"पळवली! सर्जेरावनं म्हातारी पळवली. आता दीड वाजता काय करायचं?"

बायनाबाई गाडीच्या पायरीवर मटकन बसली. बद्रीनाथ गुरुजींनी टोपी काढून हातात धरली, पुन्हा घातली. ड्रायव्हर बिभीषण नुसता पोत्याकडं बघत राहिला.

दीड वाजता काय होतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाटोदा तालुक्यातल्या वाघदऱ्याच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेची बैठक होती. साल सत्याऐंशी. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस रुसलेला. वाघदऱ्याच्या तलावात पुरुषभर पाणी उरलं होतं आणि त्यावर संस्थेचे दोन पंप चालू होते. पंपांचं पाणी जास्त करून जायचं ते संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव यांच्या उसाला. असेच पंप चालले तर चैत्र संपायच्या आत तलावाचा तळ दिसणार होता. मग गावाच्या आणि वस्तीच्या विहिरी आटणार, आणि माणसं पोरंबाळं, गुरं घेऊन वाट फुटेल तिकडं जाणार.

पंप बंद करून पाणी पिण्यासाठी राखावं, असा ठराव आज मताला यायचा होता. संचालक सात. सर्जेराव आणि त्यांचे दोघे ठरावाच्या विरोधात. बाजूनं चौघं: ठराव मांडणारे निवृत्त शिक्षक बद्रीनाथ गुरुजी, तरणा शेतकरी पंडित, महिलांच्या जागेवर निवडून आलेली विधवा शेतकरीण बायनाबाई, आणि राखीव जागेवरची दगडाबाई जोगदंड. सारं गाव तिला दगडामाय म्हणायचं. चाराला तीन. त्यातली एक गेली की तीनाला तीन; मग अध्यक्षाचं जादा मत, आणि ठराव पडला.

"आपण पाटोद्याला जाऊ," गुरुजी म्हणाले. "पोलिसांत तक्रार देऊ. इथं थांबून काय उपयोग?"

"तक्रार लिहिस्तोवर दोन वाजतील," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण गोळीचं पाकीट तिच्या मुठीत चुरगळलं होतं. "माय गाडीतून गेली ती गाडीतल्याच कुणाच्या तरी देखत गेली. आधी इथं बोलू."

२

सहलीची कल्पना गुरुजींचीच होती. बैठकीच्या आठवडाभर आधीपासून सर्जेरावांची माणसं चौघांच्या दारात चकरा मारायला लागली होती. कधी गोडीनं, कधी दमात घेऊन. गुरुजी म्हणाले, तीन दिवस औरंगाबादला जाऊ, लेणी बघू, बैठकीच्या दिवशी थेट सभेला उतरू. दगडामायनं एकच अट घातली होती, "सिस्टर आली तर मी येते." सत्यभामा वाघदऱ्याच्या उपकेंद्रावर सहा वर्षं परिचारिका होती आणि दगडामायच्या शेजारच्याच खोलीत राहायची. तिनं रजा टाकली.

पहिल्या दिवशी ते मकबऱ्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी चढून गेले. पासष्ट वर्षांची दगडामाय दर दहा पायऱ्यांना थांबायची, पण मागं फिरायचं नाव घेत नव्हती. वर एका लेण्यात बुद्धाच्या मोठ्या मूर्तीसमोर दगडातच कोरलेली माणसं गुडघे टेकून बसली होती. बाया, बापे, हातात हार. खऱ्या माणसाएवढी. दगडामाय त्यांच्याजवळ गेली, एका बाईच्या दगडी अंबाड्यावरून हात फिरवला.

"ही काय राजा-राणी न्हाईत, सिस्टर. ही आपल्यासारखीच दिसत्यात. कुणीतरी पाट्या वाहिल्या आसतील, कुणी दगुड फोडला आसंल, आन् मग हितं येऊन बसली."

तिला पाट्या वाहणं काय असतं ते कळत होतं. बाहत्तरच्या दुष्काळात वाघदऱ्याच्या तलावाची भिंत उभी राहिली, तेव्हा तिनं दोन उन्हाळे डोक्यावरून माती वाहिली होती.

स्तूपाच्या लेण्यात पहारेकरी तिच्या डाव्या बाजूला उभा राहून सांगत होता, "माय, हितं बोललं की आवाज घुमतो, बोलून बघा." तिनं वळूनही पाहिलं नाही. तो जरा चिडला. सिस्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "डाव्या कानानं त्यांना लहानपणापासून काहीच ऐकू येत नाही, गावातही हे त्या कुणाला कळू देत नाहीत. उजवीकडून बोला." तो उजवीकडून बोलला, तशी म्हातारी हसली आणि त्रिशरण म्हणाली. त्या दगडी घुमटात तिचा आवाज असा भरून राहिला, की बाहेर चपला राखत बसलेली बायनाबाईही उठून दारात आली. गुरुजी त्या वेळी खाली तिकिटांपाशी होते.

दुसऱ्या दिवशी नागसेनवन झालं, संध्याकाळी पाणचक्की. तिथं भिंतीवरून हौदात पाणी पडत होतं. पंडित आणि बिभीषण हौदातले मासे बघण्यात गुंगले. गुरुजी मात्र पडत्या पाण्यासमोर उभे राहिले ते हलेनात. सिस्टरनं हाक मारली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"किती लांबून आणलंय बघा," ते म्हणाले. "कुणाचं तरी काहीतरी जगावं म्हणून."

आज सकाळी सातला ते परत निघाले. दगडामायला रात्रभर कसकस होती, म्हणून सिस्टरनं तिला मागच्या लांब सीटवर निजवलं.

३

"आता एकेकानं सांगा," सिस्टर म्हणाली. "गेवराईला आपण चहाला थांबलो तेव्हा माय सीटवर होती. मी हाक मारली, तिनं ऐकली नाही; मग पाय हलवला तेव्हा जागी झाली. घोटभर पाणी प्याली आणि परत उजव्या कुशीवर निजली. गेवराईनंतर गाडी एकदाच थांबली. बीडच्या डिझेल पंपावर, पंधरा मिनिटं. बायनाबाईंना उलटी होत होती, मी त्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या हातपंपावर गेले. आम्ही दोघी एकमेकींच्या नजरेसमोर होतो. राहिले तुम्ही तिघं. बिभीषण, तू?"

बिभीषण चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची मेटॅडोर नावाला सर्जेरावांच्या साडूची असली, तरी खरे मालक सर्जेरावच होते. हे पंडितला गाडी ठरली त्याच दिवसापासून खुपत होतं.

"इचारा की त्याला, गाडी कुणाची हाय ते!" पंडित ओरडला. "मालकाचा हुकूम आला आसंल. बोल बे!"

"गाडी मालकाची हाय, मी न्हाई मालकाचा," बिभीषण म्हणाला. "बाई, पंपावर पाण्याच्या टँकरची ही रांग होती. गाडी घुसंना. म्हणून रस्त्याच्या कडंला लावली, कॅन घेतला आन् रांगेत जाऊन हुबा राहिलो. पंपावाल्याला इचारा. आन् मला बीडात थांबायचंच नव्हतं. गेवराईच्या पंपावर रांगच नव्हती, तितंच भरणार हुतो."

"मग कावून न्हाई भरलं?" बायनाबाईनं विचारलं.

"गुरुजी म्हणले, बीडात भर."

गुरुजींनी मान हलवली. "गेवराईला उशीर झाला असता. मी आपला सहज बोललो."

सिस्टर पंडितकडं वळली. "तू कुठं होतास?"

"पेपर आणाया गेलतो. स्टँडवर."

"पेपर कुठाय?"

पंडितची मान खाली गेली. कान लाल झाले. बायनाबाई उठून उभी राहिली. "आरं, बोल की! तोंडात काय धरून बसलाय?"

"पेपर न्हाई आणला. पंपामागच्या गल्लीत बिडकर मामाचं घर हाय." तो अडखळला. "त्यांच्या पोरीशी माझं ठरलं होतं. मागल्या म्हयन्यात त्यांनी निरोप धाडला, तुमच्या गावात पाणी न्हाई, आमची पोरगी मैल मैल घागर वाहायची न्हाई. मी सांगाया गेलतो की आज ठराव पास हुणार हाय. दारातनंच माघारी लावलं मला. ह्ये काय चारचौघांत सांगायची गोष्ट हाय व्हय?"

पंडितनं पाठ फिरवली.

"आणि गुरुजी, तुम्ही?"

"मी गाडीपाशीच होतो. मध्ये चार-पाच मिनिटं आडोशाला गेलो होतो तेवढंच. तेवढ्यातच साधलं असणार त्यांनी." गुरुजी कपाळ पुसत होते. "पण सिस्टर, मला तर वाटतं बीडातसुद्धा नाही झालं हे. बीड सोडल्यावर माय गाडीत होती."

"कशावरून?"

"मी तिच्या पुढच्याच बाकावर होतो ना. पालीचा घाट चढताना मागं वाकून विचारलं, माय, पाणी देऊ का? अगदी हळू विचारलं, झोपमोड नको म्हणून. गोधडीतूनच म्हणाली, नको."

पंडित चमकून वळला. "म्हणजे घाटानंतर? पर घाटानंतर तर गाडी थांबलीच न्हाई!"

"तेच मला कळेना झालंय," गुरुजी म्हणाले.

४

सिस्टरनं गाडीतून पोतं खाली ओढलं. ते वाटलं तेवढं जड नव्हतं. तिनं सुतळीची गाठ सोडली आणि आतून हिरवा वास आला. ओला, गोडसर. कितीतरी दिवसांत त्या चौकात असा वास आला नसेल. पोत्यात वाढं होतं, उसाचे हिरवे शेंडे. दाबून भरलेले. पातीच्या कडा अजून ओलसर होत्या.

टपरीवाल्या सारजाबाईची शेळी दावं ताणून ओरडायला लागली.

"हे आज सकाळी तोडलंय," सिस्टर म्हणाली. "तीन दिवस औरंगाबादेत गाडीत असतं तर वाळून खडखडलं असतं. म्हणजे पोतं वाटेत चढलं. गेवराईला मायचा पाय मी स्वतः हातात धरला होता, म्हणजे बीडात चढलं. ज्यानं आणलं त्याला आपण कुठं थांबणार ते आधीच ठाऊक होतं. डिझेल बीडात भरायचं, हे बिभीषणला गेवराईत कळलं. पंडितला आणि आम्हा दोघींना बीडात."

ती गुरुजींकडं वळली. अजूनही तिचा आवाज चढला नव्हता.

"गुरुजी, माय तुम्हाला नको म्हणाली, तेव्हा ती कोणत्या कुशीवर होती?"

"उजव्या. आता हे पोतं होतं तशीच."

"मायला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्या कुशीवर निजली की चांगला कान उशीत दबतो. मग कानाशी ढोल वाजवला तरी तिला कळत नाही. गेवराईला मी मोठ्यानं हाक मारली, तिला पाय हलवून उठवावं लागलं. लॉजवर दोन्ही सकाळी हेच. तुम्ही हळू विचारलंत आणि ती नको म्हणाली, असं होणारच नाही."

"मग... मला भास झाला असेल."

"भास नव्हे, गुरुजी. बीडात थांबायचं तुम्हीच ठरवलंत, गाडीपाशीही तुम्हीच होतात. बीडात काही झालंच नाही असं आम्हाला वाटावं, म्हणून तुम्ही मायला घाटापर्यंत गाडीत ठेवलंत."

"सिस्टर!" बायनाबाईचा आवाज कापला. "कुणाबद्दल बोलता हाव? गुरुजींनी ठराव मांडलाय. आपल्या हातानं लिव्हलाय. त्यांना पाडायचा आसता तर मत दिलं नसतं, झालं!"

"मत दिलं नसतं तर साऱ्या गावाला कळलं असतं," सिस्टर म्हणाली. "गुरुजींना ठराव पडायला हवा होता, पण हात वर करूनच. माय नसली की ते हात वर करू शकत होते. मग तीनाला तीन, अध्यक्षाचं जादा मत, आणि दोष सगळा सर्जेरावांच्या माथी."

चौकातून एक टँकर पाणी सांडत गेला. चार बायका घागरी घेऊन त्या ओल्या पट्ट्यामागं धावल्या.

गुरुजी टपरीच्या बाकावर बसले.

"माझी मोसंबी," ते म्हणाले. "एकशे चाळीस झाडं. निवृत्त झालो तेव्हा लावली. मूल नाही, बाळ नाही, ती झाडंच. दीड महिन्यापासून पानं गळतायत. रोज सकाळी जाऊन बघतो, फांदी मोडून बघतो, आत हिरवं आहे का. सर्जेराव म्हणाला, पंप चालू राहिले तर आठवड्याला एक पाळी तुमच्या बागेला."

"गुरुजी, तुम्ही?" पंडित म्हणाला.

"मायला काय सांगितलंत?" सिस्टरनं विचारलं.

"की मांजरसुंब्याला सर्जेरावाची माणसं तुला उतरवून घेणार आहेत. दुसऱ्या गाडीतून आडवाटेनं जा, कुणाला सांगू नकोस, सिस्टरलाही नाही, ती घाबरेल. लगेच उतरली. एक शब्द विचारला नाही." त्यांनी तोंडावर हात घेतला. "माझ्या शब्दावर."

बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. वाघदऱ्यात सर्वांना ठाऊक होतं, दगडामाय गुरुजींना काय मानायची. अठ्ठावन्न साली गावात बदलून आलेले बद्रीनाथ गुरुजी पहिल्याच आठवड्यात वस्तीवर गेले होते, तिच्या पोराला शाळेत घालायला. ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं आणि तिच्या तांब्यातून ते प्याले. गावातून असं पाणी पिणारा तो पहिला माणूस. तिच्या पोराला त्यांनी वर्गात पहिल्या रांगेत बसवलं. तो आता पुण्यात नोकरीला होता.

"कुठं नेलंय?"

"खरंच माहीत नाही. तीनला आणून सोडू, एवढंच बोलले. जीप होती."

पावणेबारा झाले होते.

५

मांजरसुंब्याच्या चौकातून गाड्या चारी दिशांना जातात. सिस्टर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. जीप पाटोद्याकडं गेली नसणार. तो रस्ता वाघदऱ्यावरून जातो, आणि तिथं दगडामायला ओळखत नाही असं शेंबडं पोरही नाही. बीडात तिचा भाऊ राहायचा, म्हणजे तिथंही ठेवली नसणार. राहिल्या दोन दिशा.

तिची नजर शेळीवर गेली. ती अजून ओरडत होती, आणि तिचं दावं मधेच तुटलेलं, नव्या गाठीनं जोडलेलं होतं.

"सारजाबाई, शेळीनं दावं कधी तोडलं?"

"आत्ताच की, तासाभरामागं." सारजाबाईनं किटली खाली ठेवली. "एक जीप गेली. मागल्या फळीतनं हिरवंगार वाढं लोंबत हुतं. अवं, आजकाल हिरवं दिसलं तर माणूसबी वळून बघतंय, ही तर शेळी. दावं तोडून मागं पळाली. त्या कपिलधारच्या फाट्यापोतर मी तिच्यामागं पळाले. जीप आत वळली, आन् दोन पाती पडली ती हिनं खाल्ली."

"आत कोण होतं?"

"म्होरं ड्रायव्हर आन् एक म्हातारी. डोईवर पदर, निळं लुगडं."

दगडामायचं लुगडं निळं होतं.

बिभीषणनं गाडी चालू केलीच होती. गुरुजी बाकावरून उठले आणि दाराशी येऊन थांबले, चढू की नको असे.

"चढा," सिस्टर म्हणाली. "माय माझं ऐकणार नाही. तिनं तुम्हाला शब्द दिलाय, तुम्हीच तो सोडवून आणा."

कपिलधारला धबधबा कोरडा पडला होता. काळ्या कड्यावर पाण्याच्या जागी नुसता शेवाळाचा वाळका पट्टा. देवळाजवळ दर्शनाला आलेली चार-सहा माणसं सावली धरून बसली होती. त्यांच्यात एक म्हातारी कुणाच्या डोळ्यांत भरावी असं काही नव्हतं. पायरीवर दगडामाय बसली होती. जीप झाडाखाली उभी होती, आणि बोनेटला टेकून सर्जेरावांचा माणूस बिडी ओढत होता.

मेटॅडोर पाहताच त्यानं बिडी टाकली. "बाईला बरं न्हाई. मालकानं सांगितलंय, तीनला न्यायचं."

पंडित आणि बिभीषण दोघंही त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. बिभीषण म्हणाला, "तुझा मालक त्योच माझा. मी चाललो घिऊन. त्यांनी इचारलं तर माझं नाव सांग."

सिस्टर पायरीपाशी पोचली. दगडामायनं तिच्याकडं रागानं पाहिलं.

"तू कावून आलीस? त्यांनी तुला बघितलं तर? जा, गाडीत बस. गुरुजी म्हणलेत हितनं हलायचं न्हाई."

"माय, ते खरं नव्हतं."

"गुरुजी म्हणले," ती पुन्हा म्हणाली, आणि सिस्टरच्या मागं बघून थांबली.

गुरुजी तिच्या उजव्या बाजूला येऊन खाली बसले. तिच्या पायरीच्या एक पायरी खाली. त्यांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. मोसंबीचं सांगितलं, सर्जेरावाचं, पोत्याचंही. दगडामाय ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही. नुसती बोटं लुगड्याच्या काठावरून पुढं-मागं फिरत राहिली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"किती वाजले, सिस्टर?"

"साडेबारा."

"मग चला," ती म्हणाली आणि सिस्टरच्या खांद्याला धरून उठली. परतीच्या वाटेवर ती निजली नाही. बायनाबाईच्या शेजारी ताठ बसून समोर बघत राहिली.

६

संस्थेच्या कार्यालयात ते शिरले तेव्हा दीडला दोन मिनिटं कमी होती. बाहेर सारं गाव उभं होतं. सर्जेरावांनी दारातून आत येणारं निळं लुगडं पाहिलं, आणि मग तिच्यामागून येणारे गुरुजी. त्यांच्या ओठांवरचं हसू जिरलं, पण क्षणभरच. ते गुरुजींकडं बघून पुन्हा हसले. मला पाडलंस तर तुझं सगळं सांगीन, असं ते हसू होतं.

ठराव वाचला गेला.

"बाजूनं कोण?"

दगडामायचा हात वर गेला. बायनाबाईचा. पंडितचा.

गुरुजींचा हात मांडीवर होता.

खिडकीला लोंबकळलेली माणसं वाकून बघत होती. दगडामायनं गुरुजींकडं पाहिलंही नाही. सिस्टर दाराशी उभी होती, तिला ओरडावंसं वाटलं.

"तीन," सर्जेराव म्हणाले. "विरोधात..."

"थांबा." गुरुजी उठून उभे राहिले. "आधी मला एक सांगायचंय."

"मतदान चालू असताना भाषण चालत न्हाई, गुरुजी. खाली बसा. उगा नको ते निघंल."

"तेच काढतोय." आणि खिडकीत, दारात, अंगणात उभ्या असलेल्या लोकांपुढं त्यांनी सगळं सांगितलं. काय कबूल केलं, कशासाठी केलं, कुणाला फसवलं. कुणीतरी शिवी हासडली. त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी रडायला लागली. गुरुजी शेवटपर्यंत बोलले आणि मग उजवा हात वर केला. "आता मोजा."

चाराला तीन. ठराव पास झाला. त्याच दुपारी पंपघराला कुलूप लागलं.

सर्जेरावांनी बिभीषणला कामावरून काढलं. पंडितनं आपल्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरवर त्याची सोय लावली. आठवड्याभरानं बीडहून निरोप आला, पोरीच्या बापाला तलाव बघायला यायचं होतं. पंडितनं त्यांना भिंतीवरून चालवत नेलं.

त्या दिवशी सभा सुटल्यावर गुरुजी दगडामायच्या पुढ्यात आले होते. ती म्हणाली, "माझ्या दारात येऊ नका. यायचं आसंल तवा मी सांगीन." ते मान खाली घालून गेले. उन्हाळाभर त्यांना कुणी चावडीवर पाहिलं नाही. मोसंबीची झाडं एकेक करून वाळली. वाळलेली त्यांनी स्वतःच्या हातानं तोडली. तलावात गाळ तेवढा उरला, पण वाघदऱ्यातलं एकही घर कुलूप लावून गेलं नाही.

दगडामायचा निरोप गेला तो पुढच्या साली, वैशाखी पौर्णिमेला. वस्तीवरच्या छोट्या विहारात खीर होती. गुरुजी आले, चपला बाहेर काढल्या आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. वाढायला दगडामायच उठली होती. रांगेतून ती पुढं येत गेली, आणि सत्यभामा तिच्या पुढं द्रोण मांडत चालली होती. गुरुजींपाशी ती क्षणभरही थांबली नाही, एक शब्द बोलली नाही. पण त्यांचा द्रोण तिनं सगळ्यांच्या इतकाच काठोकाठ भरला, आणि पुढच्या माणसाकडं वळली.